लांब नळी

१

लोकेश गेल्यावर त्याचा पाणबुड्याचा हार्नेस, सिलिंडर अडकवायचे पट्टे, मागच्या खोलीतल्या खुंटीवर तसाच लटकून होता. नंदिनी रोज त्या खोलीत झाडू मारायची, हार्नेसखालची धूळ गोळा करायची आणि बाहेर यायची. उन्हाळा चढला, तेव्हा कुठे तिने तो खाली काढला, आणि तोही कामापुरता.

नागभीडच्या अलीकडे, तलावाच्या पाळीला टेकून त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. समोर संसार आणि मागे पाण्याखाली जायचं सामान. दोघंही मासे धरणाऱ्या ढिवरांच्या घरची, तेव्हा पाण्याचं अप्रूप कुणालाच नव्हतं. पण सिलिंडर लावून खाली जायचं शिक्षण लोकेशने विशाखापट्टणला घेतलं आणि परत येऊन बायकोला शिकवलं. धरणाच्या दारात अडकलेला ओंडका, पुलाच्या खांबाची पाहणी, नळयोजनेची विहीर, कधी एखादा बुडालेला माणूस, अशी कामं दोघं मिळून करायचे. नवरा-बायको जोडीने पाण्यात उतरतात म्हणून लोक बघायला यायचे.

लोकेश पाण्यात गेला नाही. हिवाळ्यात, वरोऱ्याच्या रस्त्यावर, भर दुपारी, कोळशाच्या ट्रकने त्याला उडवलं. भेटायला आलेली माणसं हेच पुन्हा पुन्हा बोलत होती. पाण्यात गेला असता तर त्यांना समजलं असतं, असा काहीसा सूर होता. नंदिनी सगळ्यांना चहा देत होती. ती तेव्हा रडली नाही आणि नंतरही नाही. गरम काही खाऊन जीभ पोळली की दिवसभर चव लागत नाही, तसं तिचं सगळ्या अंगाचं झालं होतं. हाताला हात लागला तरी तो कुणा दुसऱ्याचा वाटायचा.

काम घेऊन आला तिचा मोठा भाऊ धनराज. दोर धरायला, सामान उचलायला तोच असायचा.

"वरोऱ्याच्या पलीकडे जुनी कोळशाची खाण हाय, जमिनीखालची. बंद पडली, पाण्यानं भरली," तो म्हणाला. "तेच पानी गावाईले नळानं जाते. पाइपाच्या तोंडाशी काहीतरी गुंडाळलं. पंप ओढून नाई राह्यला. लोक टँकरच्या मागं पळून राह्यले."

"जागा केवढी आहे?"

"पाठीवर टाकी घेऊन नाई शिरता येत. म्हनूनच तं कोनी तयार नाई." मग तो खाली बघून म्हणाला, "तू नाई म्हनशील तं मी नाई म्हनून सांगतो. काई जबरदस्ती नाई."

"जाऊ," नंदिनी म्हणाली. तिला हो म्हणायला काही वाटलं नाही. नाही म्हणायलाही वाटलं नसतं.

२

अरुंद जागेत शिरायचं तर सिलिंडर पाठीवर नको, कुशीला हवीत. दोन्ही बाजूंना एकेक, काखेत डोकं आणि कमरेशी बूड. माणूस त्यामुळे जाडीला कमी होतो, चपटा होतो, आणि फटीतून सरकू शकतो. याला साइडमाउंट म्हणतात. लोकेशने त्यासाठीच हा हार्नेस घेतला होता आणि स्वतःच्या अंगाला बसवून घेतला होता.

नंदिनीने तो घालून पाहिला. खांद्याचे पट्टे तिच्यावर ढिले पडत होते. कमरेचा पट्टा इतका मोठा, की टोक लोंबत राहिलं. तिने पट्टे ओढून बकलांतून फिरवले, जास्तीचा भाग कापला, कापलेली कड मेणबत्तीवर धरून वितळवली. काखेतून जाणारा रबरी दोर नवा घातला. जुना लोकेशच्या छातीएवढा ताणला गेला होता. कापलेले तुकडे तिने केरात टाकले. टाकताना ती थांबली नाही.

सिलिंडरच्या दोन जोड्या होत्या, एक लोखंडी आणि एक अॅल्युमिनियमची. लोखंडी जड, एकदा कुशीला बसली की हलत नाहीत, पण माणसाला खाली ओढतात. खाणीच्या तळाला कोळशाचा बारीक गाळ असणार. त्याला धक्का लागला की हात डोळ्यासमोर धरला तरी दिसायचा नाही. म्हणून तिने अॅल्युमिनियमची निवडली. त्यांची एक खोड असते. हवा संपत आली की सिलिंडर हलकं होतं आणि त्याचं बूड कमरेपासून वर उचलायला लागतं. पण ती खोड माहीत असली की चालतं. उलट बरंच. हवा दाखवणाऱ्या काट्याकडे न बघताही कळतं.

प्रत्येक सिलिंडरला श्वासापुरती हवा सोडणारा स्वतःचा रेग्युलेटर आणि स्वतःचा काटा. डाव्याची नळी आखूड, तिचं तोंड रबराने गळ्यात अडकवलेलं. उजव्याची नळी लांब, माणसाच्या उंचीपेक्षाही लांब. ती मानेमागून फिरवून उजव्या खांद्याच्या कडीत अडकवायची. थोडा वेळ डाव्यातून श्वास, थोडा वेळ उजव्यातून, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या हलक्या होत जातात. आणि ती लांब नळी लांब असते ती दुसऱ्यासाठी. जोडीदाराची हवा संपली तर ती त्याला द्यायची आणि पुढेमागे राहून फटीतून बाहेर पडायचं.

घरामागच्या तलावात तिने सगळं घालून पाहिलं. कड्या हाताला बरोबर लागल्या. दोन्ही काटे बरोबरीने उतरले. धनराज पाळीवर बसून बघत होता.

"जोडीदार नाई तं ते लांब नळी कायले पायजे?" त्याने विचारलं, आणि विचारून झाल्यावर त्याचा चेहरा पडला.

"तशीच असते ती," नंदिनी म्हणाली.

३

खाणीचं तोंड विटांच्या कमानीचं होतं. कमानीतून उतार खाली गेलेला, मधोमध गंजलेले रूळ, आणि उताराच्या निम्म्यात पाणी लागत होतं. बाहेर ऊन असं, की पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटावी. कमानीत पाऊल टाकलं की एकदम गारवा. पंप चालवणारा म्हातारा, भैयाजी, बाहेर लिंबाच्या सावलीत खाट टाकून बसायचा. आत यायची वेळ आली की तो कमानीपाशीच थांबायचा.

"पानी चांगलं हाय, बाई," तो नंदिनीला म्हणाला. "आमी सारे तेच पेतो. गोड हाय."

तिने स्वतःला बजावलं होतं, छताला कुठे हवा साठलेली दिसली तरी ती घ्यायची नाही. कोंडलेली हवा असते, माणूस झोपल्यासारखा मरतो. धनराजलाही हे माहीत होतं. त्याच्या हातात दोर होता, दुसरं टोक तिच्या अंगाला. एक हिसका म्हणजे ठीक, लागोपाठ हिसके म्हणजे ओढ. आणि तिचे बुडबुडे छताला लागून उतारावरून सरकत वर येत, थेट त्याच्या पायाशी फुटत. तो त्यांच्याकडे बघत बसणार होता.

पाण्याखाली उतार तसाच पुढे जात होता. डाव्या हाताला पाइप. ती पाइपाला धरून गेली. बॅटरीच्या उजेडात लाकडी टेकू दिसत, काळे, फुगलेले. मग पाइप वळून एका बुटक्या बोगद्यात शिरला. छत आणि पाइप यांच्यामध्ये फार तर कपाटाखाली असते तेवढी जागा. तिने सिलिंडर अंगाशी घट्ट धरली आणि आत सरकली.

पाइपाच्या तोंडाच्या जाळीला खाणीतला जुना रबरी पट्टा गुंडाळला होता. जाळी अजगराने गिळावी तशी दिसेनाशी झालेली. ती सुरीने कापू लागली. थोडा वेळ डाव्यातून श्वास, थोडा वेळ उजव्यातून. दोन पदर निघाले आणि गाळ उठला, तेव्हा ती मागे फिरली.

उतारावर येताच टण् असा आवाज झाला.

तिच्या उजव्या सिलिंडरचं बूड उचललं जाऊन छताला लागलं होतं. डावं कमरेशी जिथल्या तिथे होतं. तिने दोन्ही काटे उजेडात धरले. डावा असायला हवा तिथेच, अर्ध्याच्या जरा वर. उजवा लाल पट्टीत पोचलेला.

बाहेर आल्यावर तिने धनराजला दाखवलं.

"गळत असन," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली. "गळत असेल."

४

पंपघराच्या मागे सिमेंटचा हौद होता. तिने उजवं सिलिंडर रेग्युलेटरसकट त्यात बुडवलं आणि काठावर बसून राहिली. गळती असली की कुठूनतरी बारीक माळ निघते, दाण्यादाण्याची. पाणी स्वच्छ होतं. काही निघालं नाही. भैयाजी चहा घेऊन आला, तोही वाकून बघू लागला.

"काय पायतं, बाई?"

"काही दिसतं का ते."

"काईच नाई दिसून राह्यलं."

"तेच."

तिने तरी सगळे रबरी वायसर बदलले. डावं सिलिंडर उजवीकडे केलं, उजवं डावीकडे. रेग्युलेटरांची अदलाबदल केली. पुन्हा बुडवलं, पुन्हा काही नाही. रात्रभर काटा जागचा हलला नाही.

मग उरलं एकच. तिचीच चूक. उजव्यातून ती जास्त वेळ श्वास घेत राहिली असणार, बदलायचं विसरली असणार. हिवाळ्यापासून तिचं असं होतच होतं. गॅसवर भात करपून काळा व्हायचा आणि तिला वास यायचा नाही. एकदा विहिरीवर बादली सोडली आणि दोर हातात धरून ती किती वेळ उभी होती, कुणास ठाऊक. शेजारच्या बाईने येऊन दोर ओढला होता. असं असताना पाण्याखाली आपण कुठल्या नळीतून श्वास घेतला, याची खात्री काय द्यायची?

हे कारण तिला पटलं. पटल्यावर तिला जेवण गेलं.

५

दुसऱ्या वेळी तिने ठरवून उजव्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि मगच खाली गेली. फक्त डावं वापरायचं. उजवं नुसतं बरोबर न्यायचं, लागलं तर असावं म्हणून. व्हॉल्व्ह काखेतच असतो, हाताला लागतो. पाण्याशी तिने तो पुन्हा एकदा फिरवून पाहिला. घट्ट.

बुटक्या बोगद्यात ती जाळीपाशी पोटावर झोपली आणि कापू लागली. पाण्याखाली कान फार ऐकतात. श्वास आत घेतला की फुसकारा, सोडला की छताला बुडबुड्यांची खळखळ. आत, बाहेर. आत, बाहेर. पट्ट्याचा एक पदर जाळीच्या कोपऱ्यात रुतला होता. तो ओढायला तिने जोर लावला, आणि जोर लावताना माणूस श्वास धरतो तसा धरला.

फुसकारा ऐकू आला.

तिने सुरी थांबवली. श्वास सोडला नाही. तिच्या उजव्या कानामागे, जवळ, बुडबुड्यांची खळखळ झाली. नंतर पुन्हा फुसकारा. सावकाश, हावरेपणा न करता, शिकवल्याप्रमाणे.

बुटक्या जागेत आवाज फिरतो, ती मनाशी म्हणाली. माझाच मागाहून येतोय. मग तिला स्वतःला श्वास घ्यावाच लागला, आणि त्या आवाजात दुसरा ऐकू येईना.

उजवं बूड कमरेपासून उचललं गेलं. हळूच. झोपेतलं माणूस कूस बदलतं तसं.

तिने हात काखेत नेला. व्हॉल्व्ह सैल होता. उघडा, पूर्ण उघडा. खांद्यावर चाचपलं, तर लांब नळीचं तोंड कडीत जिथल्या तिथे. तिच्या हातमोज्यांवर, मनगटावर, सुरीवर सगळीकडे कोळशाचा काळा लेप बसला होता. उजेडात धरलं तर तेवढं रबराचं तोंड स्वच्छ होतं.

वर आली तेव्हा धनराज कमानीत उभाच होता.

"आज कायले एवढे जोरजोरानं श्वास घेऊन राह्यली होती तू?" तो म्हणाला. "बुडबुडे एक झाले की लगेच दुसरे. दमली काय?"

"पट्टा निघत नव्हता."

तिने त्याला बाकी काही सांगितलं नाही. सामान धुताना, सुकवताना, वरोऱ्याच्या लॉजवर भाजी-भाकरी खाताना तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. पाण्यात उतरण्याआधी व्हॉल्व्ह उघडायचं ती विसरायची, अगदी सुरुवातीपासून. लोकेश तिच्या मागून येऊन, काखेत हात घालून, न बोलता तो उघडून द्यायचा. आणि पुढे जायचा.

हिवाळ्यापासून पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं. ते सुख होतं की भीती, ते तिला सांगता आलं नसतं. पण होतं.

६

"राहू दे," धनराज सकाळी म्हणाला. "तुह्यं तोंड बरोबर नाई दिसून राह्यलं. दुसरा मानूस पाहू."

"एक पदर राहिला आहे. आज निघेल."

"तं मी येतो."

"तुला हे शिकायला महिना लागेल, दादा. गावात पाणी नाही."

ते खरंच होतं. येताना रस्त्यात त्यांनी पाहिलं होतं. टँकर उभा राहायच्या आधीच बाया त्यावर चढत होत्या आणि एकीची घागर चाकाखाली गेली होती. धनराजने दोर उचलला.

नंदिनीने उजवं सिलिंडर काठोकाठ भरून घेतलं. डावं थोडं कमी होतं, ते तसंच राहू दिलं. उजवा व्हॉल्व्ह तिने स्वतःच पूर्ण उघडला. खाली जाताना दर वळणावर ती मागे बघत होती. प्रकाशात फक्त तिनेच उठवलेला गाळ.

शेवटचा पदर जाड होता. ती कापत राहिली आणि वाट बघत राहिली. कापता कापता हिसका बसला, तिचं कोपर छताला आपटलं, वरून काहीतरी ढासळलं आणि सगळं काळं झालं. बॅटरी तोंडाशी धरली तरी नुसती तांबूस ठिणगी. पण जाळी हाताला मोकळी लागली. काम झालं होतं.

त्याच क्षणी डावा रेग्युलेटर बिघडला. आत कोळशाचा कण गेला असावा. हवा नुसती धो-धो वाहायला लागली, गालावर, डोळ्यांवर, कानात. असं झालं की काय करायचं ते हाताला पाठ असतं. तिने डावा व्हॉल्व्ह बंद केला, तोंडातलं रबर सोडलं आणि उजव्या खांद्यावर हात नेला.

कडी रिकामी होती.

तिने पुन्हा चाचपलं. कडी होती, नळी नव्हती. मग तिने काखेतल्या व्हॉल्व्हपासून नळी बोटांनी धरली आणि माग काढत गेली. नळी मानेमागे गेली नव्हती. ती मागे, कमरेवरून, मांडीवरून, पायांच्या दिशेने गेली होती, बोगद्याच्या आतल्या बाजूला. आणि ताणलेली होती.

तिने ओढली. दुसऱ्या टोकाला कुणीतरी धरलेलं असलं की दोर जसा थोडा येतो आणि थांबतो, तशी नळी आली आणि थांबली.

छातीत कळ आली. तिने पुन्हा ओढली नाही. ती नुसती थांबली, हात उघडा करून.

नळी सैल पडली. तिच्या उघड्या तळव्यात रबराचं तोंड ठेवलं गेलं. पडलं नाही, ठेवलं गेलं, सुलट करून. त्या गार पाण्यात ते कोमट होतं.

तिने ते तोंडात घेतलं आणि श्वास घेतला. आणखी एक, आणखी एक. तोंडात कोळशाची आणि दुसऱ्या कुणाच्या तोंडाची चव आली. हिवाळ्यानंतर तिला लागलेली ती पहिली चव.

मग नळीला हलकासा ओढा बसला. विनवल्यासारखा.

दोन माणसं आणि एक तोंड. हे तिने कितीतरी जणांना तलावात शिकवलं होतं. आपण दोन श्वास घ्यायचे, द्यायचं, थांबायचं. घाबरायचं नाही. जोडीदार परत देतो. तिने तोंडातून रबर काढलं आणि मागे धरलं. ते घेतलं गेलं. अंधारात फुसकारा झाला, खळखळ झाली, पुन्हा फुसकारा. ते परत आलं.

अशी ती बोगद्यातून निघाली. दोर एका हातात, सरकत, थांबत, देत, घेत. तिला वाटत होतं की हाक मारावी. पाण्याखाली हाक मारता येत नाही. म्हणून देताना एकदा तिने मुद्दाम हात पुढे नेला आणि घेणाऱ्या हाताला बोटं लावली.

लोकेश नव्हता. लोकेशने कधी तिच्याकडे हवा मागितली नसती. आणि हात तर इतका लहान, बोटं इतकी आखूड आणि टोकाला गुळगुळीत, नखांची जागाच नसलेली. तिने हात मागे घेतला. लोकेश नव्हता, हे तिला कळलं, आणि ते ट्रकवाल्या दुपारीही तिला कळलं नव्हतं इतकं स्पष्ट कळलं.

उतारावर आल्यावर पाणी जरा निवळलं. बॅटरीचा उजेड परत लांब पडला. बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. पण नळी परत यायला या वेळी उशीर झाला, आणि ती वळली.

एक क्षण. तेवढाच. नळी बोगद्याच्या तोंडाशी गेली होती, तिथे खाली वाकलेलं काहीतरी होतं आणि त्याच्या तोंडाशी बुडबुडे होते. ते नळीचं टोक पुढे करत होतं. तिच्याकडे नाही. आत. आणि आत, भिंतीला लागून, पाइपाच्या कडेने, गुडघे पोटाशी घेऊन, एकामागे एक बसलेले, तसेच कितीतरी, बॅटरीचा उजेड पोचेल तिथपर्यंत.

गडबड नव्हती. सगळे वाट बघत होते.

नंदिनीने कमरेची कडी सोडली, मग काखेतला रबरी दोर. उजवं सिलिंडर अंगापासून सुटलं. तिने ते ढकललं नाही, नुसतं सोडलं. नळी मागून ओढली गेली तसं ते हळूहळू बोगद्याकडे गेलं, बूड वर, तोंड खाली.

डाव्यात थोडी हवा होती. बिघडलेल्या रेग्युलेटरमधूनही श्वास घेता येतो. काखेतला व्हॉल्व्ह उघडायचा, तोंडभर घ्यायचं, बंद करायचा. हे लोकेशने तिला शिकवलं होतं. बोगद्यात ते तिला का आठवलं नव्हतं, कुणास ठाऊक. आता ती उघडत, बंद करत, उघडत वर आली.

७

धनराजने तिला काखेत धरून रुळांवर ओढून घेतलं. तिने मास्क काढला.

"निघालं," ती म्हणाली. "जाळी मोकळी आहे."

"अन् उजवी टाकी?"

"राहिली."

"राहू दे. भाडमध्ये जाऊ दे." तो तिचे हात चोळत होता. मग त्याचे हात थांबले. तो तिच्या खांद्यावरून पाण्याकडे बघत होता.

छताला लागून उतारावरून बुडबुडे येत होते. एक झुबका आला, फुटला. पाणी शांत झालं. दुसरा आला.

"तुही नळी फुटली असन खाली," धनराज म्हणाला. "उरलेली हवा निघून राह्यली."

"हो," नंदिनी म्हणाली.

फुटलेल्या नळीची हवा एकदम निघते, थांबत थांबत नाही. दोघांनाही ते ठाऊक होतं. ते बसून राहिले, हवा संपायची वाट बघत. सिलिंडर सोडलं तेव्हा त्यात फारसं काही उरलं नसणार. तिने हार्नेस काढला, पायांतल्या फिन काढल्या. धनराजने दोर गुंडाळला, पिशव्या उचलल्या. झुबका येत होता, थांबत होता, येत होता.

"चाल," धनराज म्हणाला. त्याने तिला पुढे घातलं आणि कमानीबाहेर येईपर्यंत तो स्वतः मागे वळला नाही.

भैयाजीने हात जोडले आणि पंप सुरू केला. जमीन थरथरली. आतल्या पाण्यावर सगळीकडे शहारे उठले असणार. आता बुडबुडे आले तरी कळलं नसतं.

परतीच्या वाटेवर पहिल्याच गावात त्यांना थांबवलं. बातमी पुढे पोचली होती. चौकातल्या नळापुढे घागरींची ओळ लागली होती, आणि बाया बोलत नव्हत्या. इतक्या दिवसांत त्यांनी पाण्याविषयी बोलणं सोडून दिलं होतं. मनकर्णाबाई म्हणून एक म्हातारी नळाची तोटी उघडून उभी होती.

"आली वो बाई! हेच ते बाई, खाली गेलती ते!" ती ओरडली. "ये, बस. पह्यलं पानी तुले."

"अजून यायचं आहे," नंदिनी म्हणाली.

"येऊनच राह्यलं. आयक."

बरेच दिवस कोरडा असलेला पाइप पाण्याआधी हवा ओकतो, हे सगळ्यांनाच माहीत असतं. तोटीतून फुसकारा निघाला. थांबला. मग हवा उलटी आत ओढली गेली, सावकाश, हावरेपणा न करता. थांबली. पुन्हा बाहेर. कडेला बसलेली पोरं हसली. समोरच्या अंगणातल्या नळातून तसाच आवाज येत होता, त्याच्या पलीकडच्या घरातूनही, आणि शाळेच्या बाजूने. आत, बाहेर. धनराज गाडीपाशी उभा होता. त्याने गाडीचं दार उघडलं आणि ते धरून तसाच राहिला.

मग नळाला पाणी आलं. आधी काळपट, मग तांबूस, मग स्वच्छ. बाया एकदम बोलायला लागल्या. मनकर्णाबाईने लोटा विसळला, भरला आणि तिच्यापुढे धरला.

"पे, माय. गार हाय."

नंदिनीने लोटा घेतला. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिने दोन घोट घेतले आणि लोटा तोंडापासून काढला. तिच्या मागे कुणीच उभं नव्हतं, तरी तिने तो मागे धरला आणि थांबली.

"पे ना, सारं तुह्यंच हाय," मनकर्णाबाई म्हणाली.

नंदिनीचा हात तसाच राहिला. लोटा हळूहळू हलका होत होता.